खान्देशात राहून ऐतिहासिक वॉरगेमिंग कसं सुरू करायचं: पहिल्या दोन सैन्यांपासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळकडची पोरं सारखी विचारतात की दादा, ते छोटे सैनिक टेबलावर मांडून लढाई खेळतात ते नेमकं काय असतं, शिकायचं कुठे, खर्च किती येतो, आणि त्याच्या स्पर्धा असतात म्हणे, तर तिथे आपल्यासारख्याला जाता येतं का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो. लांबलंय, पण सुरुवात करायची असेल तर पूर्ण वाचा.

आधी थोडक्यात खेळ काय आहे ते. एका टेबलावर डोंगर, नदी, गाव, झाडी मांडायची, दोन्ही बाजूंना रंगवलेले छोटे सैनिक उभे करायचे, आणि नियमांच्या पुस्तकाप्रमाणे फासे टाकून, टेपने अंतर मोजून लढाई खेळायची. याची सुरुवात खेळणं म्हणून झालेलीच नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावरचा युद्धखेळ वरिष्ठांना दाखवला, आणि पुढे तिथले अधिकारी त्यावर लढाईचा सराव करायला लागले. आज जगभर लोक हौस म्हणून खेळतात. बुद्धिबळात प्यादं सांगितलं तिथे जातंच, इथे तसं नाही, इथे हुकूम दिला तरी तो खालपर्यंत पोचेलच याची गॅरंटी नसते आणि खरी मजा त्यातच आहे.

पहिलं काम: दोन्ही सैन्यं आपणच तयार करायची

हे सगळ्यात आधी सांगतोय कारण बाहेरचे व्हिडिओ बघून सुरुवात करणारा माणूस इथेच अडकतो. तिकडे इंग्लंड-अमेरिकेत आठवड्याला भरणारे क्लब असतात, तुम्ही तुमचं एक सैन्य घेऊन गेलात की समोर खेळायला कोणीतरी असतंच. चोपड्यात, पाचोऱ्यात, शिरपुरात असं नाही. तुम्ही मोठ्या हौसेने एक भारी सैन्य केलं तरी ते कपाटात पडून राहणार, कारण समोर कोणी नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवायचं की मी जोडी करणार, म्हणजे एकमेकांशी खरोखर लढलेली दोन छोटी सैन्यं. मग शेजारचा, कॉलेजातला मित्र, मामेभाऊ, कोणीही घरी आला की त्याच्यापुढे एक सैन्य ठेवायचं आणि म्हणायचं बस भो, खेळू. त्याला काहीही विकत घ्यायचं नाही, काही वाचून यायचं नाही. आपल्या भागात नवीन खेळाडू असाच तयार होतो, दुसरा रस्ता मला तरी दिसलेला नाही.

दोन सैन्यं म्हटलं की खर्च डबल असं वाटतं, पण सैन्य छोटं घेतलं तर तसं होत नाही. त्यासाठी नियम बरोबर निवडावे लागतात.

नियम कोणते घ्यायचे

नवीन माणसाला मी डीबीए हेच नियम सांगतो. पूर्ण नाव डे बेलिस अँटिक्विटाटिस, इंग्लंडच्या फिल बार्कर यांचे नियम, १९९० मध्ये आले आणि आज तिसरी आवृत्ती चालते. इ.स.पू. ३००० पासून साधारण इ.स. १५०० पर्यंतची सैन्यं त्यात येतात. एका बाजूला फक्त बारा तुकड्या. प्रत्येक तुकडी म्हणजे एक बेस, त्यावर कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार सैनिक चिकटवलेले. म्हणजे अख्खं सैन्य तीस-चाळीस सैनिकांत बसतं. दोन फूट बाय दोन फुटाचं टेबल पुरतं, आणि नियम अंगवळणी पडले की तासाभरात निकाल लागतो. पुस्तकाची भाषा मात्र फार कोंबलेली आहे, एका वाक्यात चार-चार नियम बसवलेत, म्हणून आधी खेळाचे दोन-तीन व्हिडिओ बघा, मग पुस्तक उघडा, नाहीतर पहिल्या पानावरच कंटाळून ठेवून द्याल.

पहिली जोडी कोणती? माझं मत, सिकंदर आणि पोरस. झेलमच्या काठची इ.स.पू. ३२६ ची लढाई. गोष्ट शाळेपासून सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे समोर बसणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही, आणि दोन्ही सैन्यं एकमेकांपासून एकदम वेगळी आहेत. सिकंदराकडे लांब भाल्यांची फॅलँक्स, म्हणजे दाट रांगांत उभं राहणारं पायदळ, आणि बाजूला जोरदार घोडदळ, पोरसकडे हत्ती, रथ आणि मोठ्या धनुष्यांचे तिरंदाज. एक जोडी खेळून झाली की मग आपल्या मातीतली घ्या. डीबीएच्या काळात बसणारं आपल्याकडचं सैन्य म्हणजे देवगिरीचे यादव, समोर १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेला अलाउद्दीन खिलजी. किंवा त्यानंतरचे खान्देशचे फारुकी सुलतान, आधी थाळनेर मग बऱ्हाणपूर, आणि त्यांच्या डोक्यावर कायम बसलेली गुजरातची सल्तनत. थाळनेरचा किल्ला आपण तापीकाठी जाताना बघतो, पण तिथलं सैन्य टेबलावर आणावं असं फार कोणाला सुचत नाही. कोणीतरी करा, मला बघायचंय.

मराठ्यांची सैन्यं करायचीत म्हणून बरेच जण येतात आणि ते बरोबरच आहे, साल्हेरची १६७२ ची खुल्या मैदानातली लढाई आपल्या शेजारी बागलाणात झालेली, कोणाला वाटणार नाही. पण तो काळ डीबीएच्या पुढचा. तोफा-बंदुकांच्या काळाला वेगळे नियम लागतात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकासाठी ब्लॅक पावडर बरंच चालतं, पण त्यात पलटणी मोठ्या, टेबल सहा फुटांचं, सैनिक शेकड्यांनी. दुसऱ्या वर्षी करा. आधी बारा-बारा तुकड्यांवर हात बसू द्या.

साइज आणि खरेदी

सैनिक वेगवेगळ्या साइजमध्ये मिळतात, ६ मिमी, १० मिमी, १५ मिमी, २८ मिमी (म्हणजे साधारण सैनिकाची उंची) आणि एक-बहात्तरचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, प्लास्टिकवाले. २८ मिमी दिसायला सुंदर, पण महाग आणि रंगवायला वेळ खातात. स्पर्धेत प्राचीन काळासाठी १५ मिमी जास्त चालतो, धातूचे असतात, परदेशातून मागवावे लागतात, आणि शिपिंग व कस्टम धरून हिशोब करा, नुसती वेबसाइटवरची किंमत बघून खुश होऊ नका. तीन-चार जणांनी मिळून एकच ऑर्डर टाकली तर शिपिंग वाटून जातं.

एक-बहात्तरचे प्लास्टिक सैनिक सुरुवातीला मला जास्त सोयीचे वाटतात. एका खोक्यात पायदळाचे चाळीसच्या आसपास निघतात, म्हणजे एका खोक्यात जवळपास एका सैन्याचं पायदळ. हत्ती वेगळा विकत घ्यायची गरजच नाही. आपल्या हत्तीची खांद्यापर्यंतची उंची साधारण पावणेतीन मीटर, भागिले बहात्तर केलं की चार सेंटीमीटरला थोडं कमी. जत्रेत खेळण्यांच्या दुकानावर पट्टी घेऊन जा, खांद्यापाशी एवढा हत्ती सापडला की घेऊन टाका, वर एम-सीलने हौदा आणि माहूत करता येतो.

आणि ज्याच्याकडे आत्ता अजिबात पैसे नाहीत त्याने कागदी सैनिक करावेत. जाड कागदावर प्रिंट मारून, कापून, बेसवर उभे करायचे. नाहीतर नुसते पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर "हत्ती", "तिरंदाज", "घोडदळ" असं लिहा. नियम शिकायला तेवढं भरपूर झालं. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी एक नंबर, घराघरात गठ्ठे पडलेले असतात. खरेदी करायच्या आधी पुठ्ठ्यावर चार-पाच डाव खेळून बघा, खेळ आवडतोय का ते फुकटात कळतं.

रंगकाम, आणि आपलं ऊन

रंग ॲक्रेलिक घ्या. परदेशी मॉडेल रंग छान असतात, पण आपल्या स्टेशनरीवाल्याकडचे कॅम्लिन किंवा फेव्हिक्रिलचे ॲक्रेलिकही सैन्याला पुरतात, फक्त पाणी बेताने घालून दोन पातळ हात द्यायचे, एक जाड हात दिला की चेहऱ्यावरचं नाकडोळं बुजतं. ब्रश दोन पुरे, एक मोठा आणि एक झिरो नंबरचा, झिरोवाला मात्र चांगला घ्या.

क्रम असा. प्लास्टिकचे सैनिक आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, कारखान्यातून त्यावर तेलकट थर आलेला असतो, तो राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. वाळले की पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात, त्यावर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा हात. मग मुख्य रंग: कातडी, कपडा, ढाल, घोडा. त्यानंतर गडद तपकिरी रंग अगदी पाण्यासारखा पातळ करून सगळ्यावर सोडायचा, तो खळग्यांत जाऊन बसतो आणि घड्या, बोटं, डोळ्यांच्या खोबण्या आपोआप उठून दिसतात. तो वाळला की उंचवट्यांवर मूळ रंग कोरड्या ब्रशने हलका फिरवायचा. शेवटी मॅट वार्निश. हातात धरून अर्धा फूट दुरून माणूस जिवंत वाटला की झालं, एकेका सैनिकावर तीन-तीन संध्याकाळी घालवू नका, टेबलावर सैन्य एकत्र दिसतं.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा ॲक्रेलिक ब्रशवरच वाळतो. सकाळी लवकर बसा, आणि पंखा किंवा कूलर थेट अंगावर घेऊन रंगवू नका. रंग डिशमध्ये काढायच्या ऐवजी स्टीलच्या चपट्या डब्यात ओलं फडकं घाला, त्यावर बटर पेपर ठेवा आणि त्यावर रंग काढा, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो. स्प्रे प्रायमर भर दुपारी गच्चीवर मारला तर हवेतच वाळून सैनिकावर खरखरीत भुकटी बसते, ती काढता येत नाही. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत वार्निश पांढरं पडतं. स्प्रेची कामं दिवाळी ते होळी या काळात उरकून घ्यावीत हे बरं.

घोड्यांसाठी एक सांगतो. नवीन माणूस सगळे घोडे एकच तपकिरी रंगवतो आणि घोडदळ मेल्यासारखं दिसतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याला जा. तापीकाठी एवढा मोठा घोडेबाजार आपल्या घरचा आहे, फोटो काढून आणा. कुमाईताचं अंग तांबूस तपकिरी पण आयाळ, शेपटी आणि पायांचा खालचा भाग काळा. पंचकल्याणीचे चारी पाय खाली पांढरे आणि कपाळापासून तोंडावर पांढरा पट्टा. नुकरा पांढरा, पण नाकपुड्या-ओठांपाशी कातडी गुलाबी, तिथे नुसता पांढरा रंग लावला तर प्लास्टरचा वाटतो. अबलखाचे ठिपके मोठे आणि वेडेवाकडे, दोन बाजूंना सारखे नसतात. चार-पाच रंगांचे घोडे मिसळून एका बेसवर लावा आणि फरक बघा. तिथल्या घोडेवाल्यांना विचारलं की ते लगाम, जीन, रिकीब सगळं दाखवतात, विचारायला लाजू नका. फक्त एक, रिकीब सिकंदराच्या काळी नव्हती, तेव्हा त्याच्या स्वारांचे पाय मोकळे लोंबतेच ठेवा.

टेबल आणि जमीन

टेरेनला, म्हणजे टेबलावरच्या जमिनीला, बाहेरून काही आणायची गरज नाही, खान्देशात सगळं पडलेलं आहे. गिरणेची वाळू चाळून घेतली की बेसला लावायला तयार. काळी माती वाळवून, चाळून फेव्हिकॉलवर भुरभुरली की आपल्या शेतासारखीच दिसते, कारण ती तीच आहे. वापरलेली चहापत्ती धुऊन वाळवली की झाडांखालचा पालापाचोळा. तुराट्यांचे बारीक तुकडे शेजारी शेजारी लावले की लाकडी कुंपण. केळीच्या खांबाचं सोपट वाळलं की त्यातून रेशमासारखे धागे सुटतात, रावेर-यावलकडे तर काय कमी नाही, ते धागे बारीक कापून फेव्हिकॉलच्या थेंबात उभे केले की वाळलेलं गवत, आणि आडवे चिकटवले की झोपडीचं छप्पर. तोफेच्या धुरासाठी कापूस, त्याबद्दल खान्देशात काय सांगायचं.

डोंगर थर्माकोलचा करा, पण त्यावर स्प्रेचा रंग मारू नका, थर्माकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉल आणि मातीचा थर द्या आणि ब्रशने रंगवा.

बेसच्या मापाबद्दल मात्र हयगय नको. डीबीएमध्ये १५ मिमीच्या सैन्याला बेसची रुंदी ४० मिमी असते, आणि प्लास्टिकचे सैनिक किंचित मोठे असले तरी बरेच जण त्याच मापावर दाटीवाटीने बसवतात, पुस्तकात मोठ्या सैनिकांसाठी ६० मिमी आहे. दोन्हीपैकी एक ठरवा आणि दोन्ही सैन्यांना तेच ठेवा. पुढे स्पर्धेत जायचं मनात असेल तर ४० घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी) लेझरने कापून देणारे नेमप्लेटवाले आता जिल्ह्याच्या गावी असतात, त्यांना मापं द्या, एका शीटमध्ये दोन्ही सैन्यांचे बेस निघतात.

पहिला डाव

पहिला डाव एकट्याने खेळा, दोन्ही बाजू स्वतःच. नियम डोक्यात बसायला याच्याइतकं चांगलं काही नाही, आणि समोर कोणी ताटकळत नसल्यामुळे पुस्तक दहादा उघडता येतं.

समजा सिकंदराची बारी आहे. एक फासा टाकला, दोन आले. म्हणजे या बारीत दोनच हुकूम. फॅलँक्सच्या तुकड्या एकमेकींना चिकटून एका ओळीत उभ्या असतील तर ती अख्खी ओळ एका हुकमात पुढे जाते. दुसरा हुकूम उजवीकडच्या घोडदळाला. आता डावीकडे हलक्या पायदळाची एक तुकडी टेकाडावर एकटीच सुटलीय, तिला मागे घ्यायचं होतं, पण हुकूम संपले, ती तिथेच. पोरसच्या बारीत त्याचा हत्ती नेमका तिच्यावर येणार का, की त्याच्याही फाशात एकच येणार, हे बघायला श्वास रोखून बसावं लागतं. म्हणून ओळ शक्य तेवढी एकत्र ठेवा, तुटली की प्रत्येक तुकडा वेगळा हुकूम मागतो. हा एक धडा कळला की अर्धा खेळ कळला.

झुंज अशी, दोघांनी एकेक फासा टाकायचा, त्यात आपल्या तुकडीचे गुण मिळवायचे, बाजूने किंवा मागून शत्रू भिडलेला असेल तर ते वजा. समजा तुमचे सात झाले, त्याचे चार. चार हे साताच्या निम्म्यापेक्षा जास्त, म्हणून बहुतेक वेळा तो फक्त मागे रेटला जातो. त्याचे तीन असते तर निम्म्याच्या आत, तुकडी खलास. कोणती तुकडी कोणापुढे लवकर मरते याचं एक कोष्टक आहे, ते एका कागदावर लिहून टेबलाशेजारी ठेवा. चार तुकड्या गेल्या आणि समोरच्यापेक्षा जास्त गेल्या की तुम्ही हरलात.

नवीन माणसाला शिकवताना त्याला सोपं सैन्य द्या, म्हणजे जाड पायदळवालं, आणि सगळे नियम आधी सांगत बसू नका. हुकमाचा फासा, चाल, झुंज, एवढ्यावर सुरू करा. नदी, जंगल, टेकाड, छावणी हे सगळं ज्या त्या वेळी.

वाचा, आणि जमीन बघायला जा

खेळात "ऐतिहासिक" आहे ते नावापुरतं नाही. सैन्य करताना त्या लोकांनी काय घातलं होतं, कशाने लढत होते, का जिंकले का हरले हे शोधण्यात निम्मा आनंद आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या कागदपत्रांचा वारसा सांभाळणारी संस्था आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे ही साधी गोष्ट नाही, तिथे जाऊन या.

आणि एकदा आसईला जाच. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून, सिल्लोड, भोकरदनवरून, जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३, एकीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले, दुसरीकडे इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. मराठ्यांची फौज खेळणा नदीच्या पल्याड, उतार कुठे आहे ते वेलस्लीला माहीत नाही, वाटाड्यांनी उतार नाही म्हणून सांगितलेलं. त्याने बघितलं की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत, म्हणजे लोकांचं येणं-जाणं असणारच, म्हणजे उतार असणारच. तिथून तो उतरला. पण नदी ओलांडून तो कुशीवर आला तर शिंद्यांच्या कवायती पलटणींनी, ज्यांचा सेनानी पोलमन होता, आख्खी ओळ फिरवून त्याच्याकडे तोंड केलं, डावा खांदा आसई गावाला आणि जुई नदीला टेकवून. शत्रू डोळ्यांसमोर असताना एवढी ओळ फिरवणं हे कसलेल्या पायदळाचंच काम. इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण चुकून आसई गावाच्या अंगावर गेली आणि तिथल्या तोफांनी कापली गेली. इंग्रजांचे दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली, म्हणजे त्याने पायदळ-घोडदळ मिळून आणलेल्या आपल्या फौजेतला फार मोठा हिस्सा.

हे वाचून कळतं, पण दोन नद्यांच्या मधली ती चिंचोळी होत जाणारी जमीन पायाखाली घेतली की टेबल कसं मांडायचं ते डोळ्यांपुढे येतं. वहीत नकाशा काढा, काठ कुठे उंच, कुठे उतरता, गावापासून नदी किती पावलांवर. परत आल्यावर थर्माकोलवर तेच. आणि बघा, झेलमच्या काठी सिकंदरानेही हेच केलं होतं, मुख्य छावणी समोर ठेवून रात्री पावसात वरच्या बाजूला नदी ओलांडली. नदी ओलांडायचा डाव एकदा नीट खेळायला शिकलात तर दोन हजार वर्षांचं अंतर असलेल्या दोन्ही लढायांना तो उपयोगी पडतो.

घरची स्पर्धा

चार जण तयार झाले की स्पर्धा घ्या. आठ-दहा लोक जमेपर्यंत थांबू नका. प्रत्येकाकडे सैन्य नसलं तरी चालतं, इथेच ती जोडी कामाला येते. पद्धत अशी की एका टेबलावर एक जोडी मांडून ठेवायची, दोघांनी एक डाव खेळायचा, मग बाजू बदलून तोच डाव परत. पोरस म्हणून जो जास्त चांगला लढला त्याला गुण, सिकंदर म्हणून जो चांगला लढला त्याला गुण. सैन्य कमी-जास्त ताकदीचं आहे ही तक्रारच उरत नाही कारण दोघांनी दोन्ही खेळलीत. जिंकण्याचे तीन, बरोबरीचा एक, आणि मारलेल्या तुकड्या वेगळ्या लिहून ठेवायच्या, गुण सारखे झाले तर त्यावरून नंबर.

चार जणांत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळलं की तीन राउंड, एका डावाला सव्वा तास धरा, बाजू बदलायच्या तर दिवस एक कमी पडतो म्हणून शनिवार-रविवार दोन्ही घ्या. जागा म्हणजे शाळेचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, गणपती मंडळाचं कार्यालय. टेबलांची उंची बघा, दिवसभर वाकून कंबर जाते. ट्यूबलाइटखाली टेबल लावा आणि लाइट जातेच असं धरून एक चार्जिंगचा दिवा जवळ ठेवा. हिवाळ्यात घेतलं तर भरीत-पुरीचा बेत आपोआप होतो, पण जेवण दुसऱ्या खोलीत, भरीताच्या तेलाचा हात बेसला लागला की निघत नाही.

एक माणूस अंपायर ठेवा, जो खेळत नाही. त्याचा शब्द शेवटचा. नियमाचा वाद पाच मिनिटांत सुटला नाही तर फासा टाकून ठरवायचा आणि पुढे जायचं, पुस्तक रात्री बघू.

बाहेरच्या स्पर्धेला जाताना

परदेशात याची मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये सोसायटी ऑफ एन्शंट्स १९६५ पासून चालू आहे, ब्रिटिश हिस्टॉरिकल गेम्स सोसायटी वर्षभर स्पर्धा भरवते, अमेरिकेत हिस्टॉरिकॉन हा मोठा मेळा भरतो. शिक्षण-नोकरीसाठी आपली बरीच पोरं तिकडे असतात, त्यांनी तर पहिल्या वर्षीच जाऊन बघावं. भारतात कुठल्या मोठ्या शहरात कोणी स्पर्धा ठेवली तरी चालण्याची रीत तीच असते, म्हणून ती माहीत असू द्या.

आधी स्पर्धेचा कागद नीट वाचा: नियम कोणते, साइज कोणती, काळ कोणता. बऱ्याच स्पर्धांना थीम असते, उदाहरणार्थ फक्त रोम आणि कार्थेजचा काळ. पॉइंटवाले नियम असतील, म्हणजे प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटात मोजणारे, तर सैन्याची यादी आधी पाठवायची असते. लार द ला गेर या फ्रेंच नियमांत साधारण दोनशे पॉइंटचं सैन्य आणि १५ मिमीला १२० बाय ८० सेंटीमीटरचं टेबल अशी रीत आहे. यादीत बेरीज एका पॉइंटने चुकली तरी परत येते, म्हणून दुसऱ्याकडून तपासून घ्या आणि शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी पाठवा. सैन्य रंगवलेलं आणि बेसवर बसवलेलं लागतं, अर्धवट नेऊ नका.

राउंड बहुतेक स्विस पद्धतीने असतात, म्हणजे सारखे गुण असलेल्यांची गाठ. पहिला डाव हरलात तर पुढचा गडी तुमच्यासारखाच असणार, त्यामुळे नवीन माणसालाही दिवसभर बरोबरीचे डाव मिळतात, घाबरायचं कारण नाही. डबल्सची स्पर्धा असेल तर एखाद्या जुन्या खेळाडूबरोबर नाव द्या, त्याच्या शेजारी उभं राहून जेवढं शिकाल तेवढं पुस्तकातून नाही.

टेबलावरच्या सवयी महत्त्वाच्या. बेस हलवताना काय करताय ते बोलून सांगा, "हा मी तुझ्या तिरंदाजांच्या पल्ल्याबाहेर ठेवतोय, बरोबर ना?", समोरचा हो म्हणाला की नंतर अर्ध्या मिलिमीटरवरून वाद होत नाही. मोजताना टेप दोघांना दिसेल असा धरा. फासा तिरका राहिला तर परत टाका, कोणाच्या बाजूने आहे ते न बघता. वेळ ठरलेली असते, जिंकत असताना मुद्दाम हळू खेळणं हे तिथे फार वाईट समजतात. वाद झालाच तर आवाज न वाढवता अंपायरला हाक मारा, त्याने सांगितलं की विषय संपला. सुरू करताना आणि संपल्यावर हात मिळवायचा.

न्यायचं कसं? बेसखाली चुंबकाचा पातळ पट्टा चिकटवा आणि पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवा, भुसावळहून मुंबई-पुण्याच्या जनरल डब्यात उभं राहून गेलात तरी सैनिक हलत नाहीत, भाले वाकत नाहीत. एसटीत तो डबा मांडीवर घ्या, वरच्या रॅकवर टाकू नका. सोबत टेप, स्वतःचे फासे, फेव्हिक्विक, यादीच्या दोन प्रती, नियमांचं पुस्तक, पाण्याची बाटली. आणि डाव संपला की लगेच सैनिक भरायला घेऊ नका, समोरच्याला विचारा की माझ्या जागी तू असतास तर कुठे वेगळं खेळला असतास, बहुतेक जण मनापासून सांगतात. ते तिथल्या तिथे वहीत लिहा, त्याचा नंबर घ्या, आणि हिवाळ्यात खान्देशात डाव ठेवणार असाल तर त्याला आताच तारीख सांगून ठेवा, सैन्य आणायची गरज नाही म्हणावं, जोडी आमच्याकडे आहे.